इंजिन का तापते? पाणी कोठे जाते?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आपण आजवर शिक्षण, काटकसर, विवाहातील खर्च, वृद्धांची सेवा अशा अनेक विषयांवर विद्वान वक्त्यांची व्याख्याने ऐकली आहेत. त्या मालिकेत मोटारीच्या इंजिनाचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर मराठी शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविलेला मास्तर. परंतु माझ्या धाकट्या बंधूंचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. सुट्ट्यांत तेथे बसणे हा माझा जुना परिपाठ. निवृत्तीनंतर तर तेथील हिशेबाच्या वह्या मीच ठेवतो. हिशेब लिहिता लिहिता जे पाहिले, कारागिरांना विचारून जे समजून घेतले, तेच आज आपणापुढे ठेवणार आहे.

हा विषय का निवडला, तेही सांगतो. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांच्या दारात आज मोटार उभी आहे. काहींची ती सोय आहे. पण काहींची ती पोटाची भाकरी आहे. कोणी टॅक्सी चालवितो, कोणी भाजीपाल्याचा टेम्पो, कोणी शाळेच्या मुलांची गाडी. यांपैकी बहुतेक वाहने कर्जाऊ घेतलेली असतात, आणि गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता उभा राहत नाही. इंजिन तापून बिघडणे हा घरधन्याच्या कमाईवरचा घाला आहे. आणि दुःखाची गोष्ट ही की, बहुतेक वेळा हा घाला अचानक पडत नाही. तो आठवडे, महिने आधी दाराशी येऊन खाकरत असतो. आपणांस त्याची भाषा कळत नाही, इतकेच.

गॅरेजातील एक उदाहरण सांगतो. एका तरुणाची प्रवासी टॅक्सी होती. डब्यातील पाणी कमी होते, हे त्याच्या ध्यानात आले होते. तो रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतावयाचा आणि निघावयाचा. चार महिने हा क्रम चालला. मग एके दिवशी भर उन्हात घाट चढताना इंजिन बंद पडले. उघडून पाहतात तो इंजिनाचा माथा, ज्यास कारागीर 'हेड' म्हणतात, तो उष्णतेने वाकला होता आणि त्यास तडा गेला होता. गाडी दीड महिना उभी राहिली. मूळ दोष काय होता? पाण्याच्या पंपातून होणारी थेंब थेंब गळती. वेळीच पंप बदलला असता तर एका दिवसाचे काम होते. रोज ओतलेल्या त्या बाटलीने दोष बरा केला नाही. दोष झाकला मात्र.

आता प्रथम ही व्यवस्था काय आहे ते समजून घेऊ.

इंजिनात इंधन जळते. त्यातून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुरावाटे जातो, आणि उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाच्या भिंतींत शिरते. ती बाहेर काढली नाही तर धातू वाकेल. यास्तव सिलिंडरांच्या भोवती पोकळ वाटा ठेवून त्यांतून पाणी खेळवितात. पंप हे पाणी ढकलतो. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तेथे बारीक नळ्यांतून वाहताना वाऱ्याने निवते, आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते. गाडी वेगात असता वारा आपोआप मिळतो. गाडी उभी असता किंवा हळू चालता तो पंख्याने ओढावा लागतो.

या वाटेवर एक द्वारपाल बसविलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असते. पाणी सुमारे ८२ ते ९२ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ते मेण वितळून फुगते आणि दार उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही, कारण इंजिन फार थंड राहणेही त्याच्या प्रकृतीस मानवत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे रेडिएटरचे किंवा डब्याचे झाकण. पुष्कळांस हे नुसते बाटलीचे बूच वाटते. वस्तुतः ते दाब धरून ठेवणारे यंत्र आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते, पण कुकरात ते अधिक तापते हे आपल्या भगिनींस सांगावयास नको. त्याच न्यायाने, झाकणाने सुमारे १ बार इतका दाब राखला की साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मे कूलंट, म्हणजे एथिलिन ग्लायकॉलचे द्रावण, मिसळले की ही मर्यादा आणखी सात-आठ अंश वाढते. आता उलट बाजू पाहा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. झाकण निकामी झालेली गाडी गावात बरी चालते, पण घाटमाथ्यावर पोचता पोचता उकळ्या फोडते, याचे मर्म हेच.

पहिल्या मोटारींत अशी बंद व्यवस्था नव्हतीच. कार्ल बेन्झ यांच्या मोटारीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली त्यांच्या पत्नी बेर्था बेन्झ आपल्या दोन मुलांस घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर मोटारीने गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. पुढे १९०१ च्या मर्सिडीझ मोटारीत व्हिल्हेल्म मायबाख यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर आणला आणि थोड्या पाण्यात पुष्कळ उष्णता घालविणे साधले. सांगण्याचा मुद्दा असा की, बेर्थाबाईंना पाणी भरत जावे लागे ते त्या काळच्या रचनेमुळे. आजच्या गाडीत पाणी वारंवार भरावे लागत असेल तर तो दोषच समजावा. बंद व्यवस्थेतील पाणी महिनोन्महिने जवळपास तेवढेच राहावयास हवे.

आता निदानाकडे वळू. चांगला वैद्य प्रथम औषध देत नाही, प्रश्न विचारतो. येथेही दोन प्रश्न आहेत. पहिला: पाणी कमी झाले म्हणून इंजिन तापते, की इंजिन तापते म्हणून पाणी उकळून बाहेर जाते? दुसरा: ते केव्हा तापते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास एक वही पुरे. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असता, गाडी सपाट जागी उभी करून डब्यावरील खुणांशी पाण्याची पातळी पाहावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, पातळी, किती मिसळले, आणि आदल्या दिवशी गाडी कोठे गेली होती, एवढे पाच रकाने लिहावेत. पंधरा दिवसांत वही बोलू लागते. काटा कधीही वर न जाता पाणी मात्र सावकाश घटत असेल, तर कोठेतरी गळती आहे. पाणी नेहमी ठीक असते, पण तापल्या दिवशीच एकदम कमी होते, असे असेल तर प्रथम तापण्याचे कारण शोधावे.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे त्याहूनही बोलकी आहेत. गाडी गर्दीत किंवा उभी असता तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय वाऱ्यावर, म्हणजे पंख्यावर. विजेचा पंखा असेल तर त्याचा फ्यूज, रिले, तापमान ओळखणारा भाग आणि स्वतः मोटर तपासावी. वातानुकूलन चालू करताच बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागावयास हवा. तो फिरत नसेल तर वाट सापडली. इंजिनाबरोबर फिरणारा पंखा असेल तर त्याचा पट्टा व क्लच पाहावा. याउलट, गर्दीत ठीक पण घाटात किंवा वेगात तापते, तर पाणी पुरेसे वाहत नाही वा निवत नाही: रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, किंवा पाणीच कमी असेल. थंड इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर धावतो आणि रेडिएटरची नळी मात्र गारच राहते, तर द्वारपाल झोपला, म्हणजे थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला, असे समजावे.

आणखी एक खूण. काटा लालकडे असता गाडीतील हीटर लावला आणि त्यातून थंड वारा आला, तर पाणी फार कमी झाले आहे किंवा वाटेत हवा अडकली आहे. अशा वेळी काट्यावरही विसंबू नये. तापमान मोजणारा भाग पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरे सांगतो. पाणीच उरले नाही तर काटा खाली येऊन खोटा धीर देतो. तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी शून्याकडे पडला, तर आनंद न मानता तत्काळ थांबावे.

यंत्रांत शिरण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहावी. वाऱ्याची वाट मोकळी आहे काय? चिखल, गवताच्या काड्या, मेलेले कीटक हे वातानुकूलनाच्या जाळीत आणि रेडिएटरच्या मध्ये थरच्या थर साचतात. लग्नसराईत तर आपण स्वतःच गाडीच्या तोंडावर हार, फुलांच्या जाळ्या आणि नावाची पाटी बांधतो आणि वरात उन्हात तासभर पावलापावलाने नेतो! बिचाऱ्या इंजिनाने श्वास कोठून घ्यावा?

आता गळतीकडे येऊ. पाणी जाण्याच्या वाटा तीनच: बाहेर, आत, आणि झाकणावाटे.

बाहेरची गळती शोधण्यास सकाळची वेळ उत्तम. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. ओला डाग कोठे पडला ते पाहावे; वातानुकूलनाचे पाणीही खाली ठिबकते, पण ते स्वच्छ व बिनवासाचे असते. कूलंट बोटास किंचित बुळबुळीत लागते, त्यास रंग असतो आणि गोडसर वास येतो. ते तापल्या धातूवर वाळले की पांढरा, हिरवा वा गुलाबी खार धरते. तो खार हीच चोराची पावले. नळ्यांची टोके व क्लिपा, नळ्यांना पडलेल्या भेगा, रेडिएटरच्या अॅल्युमिनियमच्या जाळीस प्लॅस्टिकच्या टाक्या जेथे जोडतात तो सांधा, प्लॅस्टिकच्या डब्याची शिवण, ब्लॉकच्या बाजूस ठोकून बसविलेली पत्र्याची झाकणे, ही ठिकाणे क्रमाने पाहावी. पंपाच्या पोटाशी एक लहानसे भोक मुद्दाम ठेवलेले असते. तेथून ओघळ दिसला तर आतील सील गेले. भोक बुजवू नये, पंप बदलावा. गाडीच्या आत पायाखालचा गालिचा ओला, काचेवर चिकट धुके आणि गोड वास, असे असेल तर हीटरची जाळी फुटली आहे.

काही गळत्या इंजिन तापल्यावर आणि दाब आल्यावरच होतात, आणि तापल्या धातूवर पडलेला थेंब लगेच वाळून जातो. त्यासाठी कारागिरापाशी दाब-परीक्षेचा हातपंप असतो. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी तो बसवून, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरावयाचा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावयाचा. काटा स्थिर राहिला तर त्या स्थितीत गळती नाही. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर कोठेही ओल नाही, तर पाणी आत जात असावे.

याच पंपाने झाकणाचीही परीक्षा होते. १ बारचे झाकण अर्ध्या बारलाच दाब सोडून देत असेल तर ते फेकून त्याच आकड्याचे नवे घ्यावे. झाकणात दुसरी एक उलट झडप असते. इंजिन निवताना ती डब्यातील पाणी परत आत घेते. ती अडकली तर सकाळी वरची नळी चिमटल्यासारखी चपटी दिसते. आमच्या गॅरेजात एक टेम्पो आला होता. तो घाटात दर वेळी उकळे. दुसरीकडे कोठेतरी त्याच्या मालकास 'हेड उघडावे लागेल' असे सांगितले होते. दाब-परीक्षेत व्यवस्था निर्दोष ठरली आणि झाकण मात्र नापास झाले. झाकण बदलले, पाणी भरले, आणि तो टेम्पो आजही तोच घाट चढतो. हेड उघडण्याचा खर्च आणि झाकणाची किंमत यांची तुलना मी हिशेबनीस म्हणून करू शकतो: ती हत्ती आणि मुंगीची आहे. यास्तव नियम असा: तपासणी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे, बाहेरून आत करावी.

आता आतील गळती. ब्लॉक आणि हेड यांच्या मध्ये एक पातळ पट्टी असते, ती हेड गॅस्केट. जळणारा वायू, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवणे हे तिचे काम. ती फाटली की घरातील मर्यादा मोडते. वायू पाण्यात शिरला तर थंड इंजिन चालू करताच एक-दोन मिनिटांत, पाणी तापण्याआधीच, वरची नळी दगडासारखी कडक होते आणि डब्यात सतत बुडबुडे येतात. पाणी सिलिंडरात शिरले तर सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरी, गोडसर वासाची वाफ येत राहते, आणि सकाळी इंजिन अडखळत चालू होते. पेट्रोल गाडीत एकच स्पार्क प्लग बाकीच्यांहून धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर पाणी त्याच सिलिंडरात जात असावे. पाणी तेलात मिसळले तर तेलाची पट्टी ओढून पाहता तेल दुधाळ चहासारखे दिसते.

मात्र येथे उतावळेपणा नको. थंडीच्या सकाळी चालू करताच थोडी वाफ निघणे स्वाभाविक आहे. गाडी रोज थोडेच अंतर चालत असेल तर तेलाच्या झाकणाखाली दमटपणाने फेस धरतो. तेवढ्यावरून गॅस्केट दोषी ठरत नाही. कूलंटमध्ये तेलाचा तवंग दिसला तरी तो तेल थंड करणाऱ्या भागातूनही आलेला असू शकतो. एका साक्षीदारावर फाशी देऊ नये. पक्का पुरावा हवा असेल तर एक सुंदर परीक्षा आहे. काचेच्या नळीत निळे द्रावण घेऊन ती रेडिएटरच्या तोंडाशी धरतात आणि पाण्यावरील हवा त्यातून ओढतात. त्या हवेत जळलेला वायू असेल तर निळा रंग पालटून पिवळा किंवा हिरवट होतो. याखेरीज प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजण्याची परीक्षाही आहे. हेड उघडण्यास संमती देण्यापूर्वी 'यांपैकी कोणती परीक्षा केली?' असे नम्रपणे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही; उलट त्यास समाधान वाटते. आणि हेड उघडलेच, तर ते सपाट आहे की नाही हे पट्टीने मोजून घ्यावे. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसविणे म्हणजे पडक्या भिंतीस रंग देणे होय.

रस्त्यात काटा वर जाऊ लागला तर काय करावे, हे प्रत्येक घरातील वाहन चालविणाऱ्याने, मग तो पुत्र असो वा कन्या, पाठ करून ठेवावे. वातानुकूलन बंद करावे. खिडक्या उघडून हीटर पूर्ण लावावा. तो इंजिनाची थोडी उष्णता आपल्याकडे ओढून घेतो. सुरक्षित जागा दिसताच थांबावे. लाल दिवा लागला किंवा वाफ निघाली तर इंजिन तत्काळ बंद करावे; 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' या दोन किलोमीटरांनीच पुष्कळ इंजिने गेली आहेत. वाफ निघत असता बॉनेट उघडू नये. विजेच्या पंख्याजवळ हात नेऊ नये, कारण इंजिन बंद असताही तो एकाएकी फिरू शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. आत १०० अंशांहून अधिक तापलेले पाणी दाबाखाली कोंडलेले असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर, छातीवर, हातांवर येते. अर्धा-पाऊण तास, लागल्यास अधिक वेळ थांबावे. वरची नळी हातास सोसवेल इतकी निवली आणि दाबून मऊ लागली, म्हणजे जाड फडके घेऊन झाकण प्रथम थोडेच फिरवावे, उरला दाब जाऊ द्यावा, आणि मगच काढावे. तापल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये. धातूस तडा जातो. लग्नाचा मुहूर्त चुकला तर दुसरा मिळतो. डोळे मिळत नाहीत.

काही लोकप्रिय उपायांबद्दल दोन शब्द बोलणे भाग आहे. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद किंवा तयार पूड टाकण्याची रीत आहे. आडरानात घरी पोचण्यापुरती तिने वेळ निभावते. पण तीच पूड पुढे रेडिएटरच्या व हीटरच्या बारीक नळ्याही बुजविते. हळद जखमेवर लावावी, यंत्राच्या पोटात कायमची ठेवू नये. दुसरी रीत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. 'आपल्या उष्ण देशात याची गरज नाही' असे सांगितले जाते. हे बरोबर नव्हे. तो काढल्याने इंजिन नेहमी थंड चालते, इंधन अधिक खाते, लवकर झिजते. आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला टाळून आडवाटेने फिरू लागते व इंजिन उलट अधिक तापते. बिघडला तर बदलावा; हद्दपार करू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी तापविण्याच्या बंबात जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या पोटातही बसतो. निव्वळ पाण्याने गंजही चढतो. म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, क्षाररहित शुद्ध पाण्यात मिसळून वापरावे. काही कूलंट तयार मिश्रणच असते. त्यात पुन्हा पाणी घालू नये. रंगावरून जात ओळखू नये, कारण रंग ज्याचा तो कारखानदार ठरवितो. अडचणीत साधे पाणी भरावे लागलेच तर घरी आल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरावे. ते किती वर्षांनी बदलावयाचे तेही पुस्तकातच लिहिलेले असते. त्यातील गंजरोधक द्रव्ये काळाने सरतात.

भगिनींनो, येथे तुमचे विशेष लक्ष हवे. एथिलिन ग्लायकॉल चवीस गोड आहे, पण विष आहे. ते मूत्रपिंडे निकामी करते. लहान मुलाच्या पोटात थोडेसे गेले तरी जिवावर बेतते. उरलेले कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. अंगणात सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. कुत्री-मांजरे ते चाटतात. कोणाच्या पोटात गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि बाटली बरोबर न्यावी.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत, आता या ज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी तरुण म्हणेल. त्यांपैकी पुष्कळ गाड्यांतही बॅटरी व मोटर निवविण्यास द्रव खेळविलेला असतो, आणि तोही कमी झाल्यास कारण शोधावेच लागते. यंत्र बदलते; विचार करण्याची रीत बदलत नाही.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली: दाब-परीक्षेचा एक हातपंप, त्याची जोडणीची तोंडे, आणि कूलंटची तीव्रता मोजण्याचे एक साधन, एवढे साहित्य मंडळाने खरेदी करून सभागृहाच्या कपाटात ठेवावे. आपण लग्नकार्यासाठी भांडी व सतरंज्या ठेवतो, तद्वतच हेही ठेवावे. सभासदांनी वहीत सही करून न्यावे व परत आणावे. नोंदीचे काम मी आनंदाने करीन. आपल्यातील जाणत्या कारागिराने वर्षातून एक रविवार देऊन सर्व सभासदांच्या गाड्यांची झाकणे व नळ्या तपासून द्याव्या.

दुसरी सूचना थोडी स्पष्ट आहे. राग मानू नये. आपण दरवर्षी पदवीधरांचा सत्कार करतो, तो योग्यच आहे. पण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाचा सत्कार या व्यासपीठावर झालेला मला आठवत नाही. वधूवर मेळाव्यात त्याचे नाव वाचले गेले की मुलींचे वडील मान फिरवितात, हेही मी पाहिले आहे. ज्या मुलाने एका झाकणाची परीक्षा करून एका कुटुंबाचे हजारो रुपये आणि महिन्याची कमाई वाचविली, त्याच्या बुद्धीत उणे काय आहे? त्याच्या नखांत तेल आहे, पण त्याने आधी निरीक्षण केले, मग अनुमान बांधले, मग परीक्षा घेतली आणि मगच निर्णय दिला. याहून निराळी विद्वत्ता ती कोणती? या विद्यार्थ्यांसाठी मंडळाने एक शिष्यवृत्ती ठेवावी. तिच्या निधीस माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वर्गणी मी आजच चिटणीसांकडे देत आहे.

 उद्या सकाळी इंजिन थंड असता बॉनेट उघडून डब्यातील पातळी पाहावी आणि वहीत पहिली ओळ लिहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!